कंसात काय लिहायचं

धडगाव, २ मार्च २०२५

ती. आप्पा,

नमस्कार. साष्टांग म्हटलं असतं, पण तो समोर येऊन घालायचा असतो, आणि तुमच्या समोर यायची मला चार वर्षं परवानगी नाही. तेव्हा नुसता घ्या. तुम्ही माझा फोन उचलत नाही. भूपेंद्रच्या फोनवरून केला तरी आवाज ऐकून ठेवून देता. म्हणून पत्र. पत्र तुम्ही फाडलं असतं, पण आई फाडू देणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

धाकट्या ममताच्या लग्नपत्रिकेचा कच्चा नमुना भूपेंद्रने मला पाठवला. चुकून पाठवला की मुद्दाम, हे त्याला विचारू नका, भाऊ म्हणून त्याने एवढं तरी केलं. मी दवाखान्यात होते, समोर एका आजोबांचा आखडलेला खांदा होता. त्यांना म्हटलं, बाबा, हात असाच वर धरून ठेवा, आणि फोनवर बोटांनी मोठं करून करून सगळी पत्रिका वाचली.

छान आहे. वर आशीर्वादाला कै. नथ्थू आजोबा आणि कै. दगूबाई आजी. खाली तुम्ही, भिला नथ्थू पाटील (प्रगतशील शेतकरी). मग भटूकाका (मा. चेअरमन, वि. का. सोसायटी). भाईदासमामा (से. नि. वायरमन). सारंगखेड्याच्या एका पाहुण्यांच्या नावापुढे तर (अश्वप्रेमी) आहे. घोडे आवडणं हेही पद झालं, बरं वाटलं. सगळ्यात खाली भूपेंद्रचा पोरगा, वय दहा महिने, 'माझ्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणतो आहे. त्याला अजून उभं राहता येत नाही धड.

बायकांच्या ओळीत शेवटी मी आहे. 'सौ. रंजिता', एवढंच. कुणाची सौ., ते लिहिलेलं नाही. गेलेल्यांना त्या पत्रिकेत जागा आहे, न बोलणाऱ्याला जागा आहे, घोड्यांना आहे. माझ्या नवऱ्याला नाही.

मी भूपेंद्रला फोन केला. तो बिचारा अडखळला. म्हणाला, "ताई, आप्पा म्हनतस, सर्वासना नावपुढे काहीतरी शे. यान्ह्या नावपुढे कंसमा काय लिखानं, तूच सांग."

तुम्ही विचारलंत, तर मी सांगणार. केंजिरो मिनेगिशी हा माझा नवरा आहे. सतरा वर्षं त्याने फुटबॉल खेळून पोट भरलं, पस्तिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. तो बचाव करायचा. इंग्रजीत डिफेंडर. आता तो इथे मुलींच्या वसतिगृहात फुटबॉल शिकवतो आणि मी सरकारी दवाखान्यात कंत्राटावर आहे. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, पण एकदा माझ्या तोंडून ऐका.

तुमच्यासाठी 'ते' लिहायला हवं खरं. पण मी त्याला अरेतुरे करते आणि पत्रातही करणार.

पत्रिका छापायला जाण्याआधी त्याचं नाव जावयांच्या ओळीत यायला हवं. पहिलं, कारण मी थोरली आहे. आलं नाही, तर आम्ही दोघंही लग्नाला येणार नाही, आणि का येत नाही ते ममताला मीच सांगेन. त्याला यातलं काही माहीत नाही. त्याने लग्नासाठी शहाद्याच्या शिंप्याकडे सफारी शिवायला टाकली आहे.

तुमची,
रंजिता

धडगाव, १० मार्च

ती. आप्पा,

पत्र पोचलं, हे कळलं. उत्तर मला न देता भूपेंद्रमार्फत दिलंत, तेही चालेल. तो म्हणाला, तुम्ही ओट्यावर बसून पत्र दोनदा वाचलंत, घडी घालून खिशात ठेवलंत आणि एवढंच विचारलंत, "सतरा वरीसमा गोल कितला करात त्यानी?"

दोन.

लपवत नाही. तीनशे शहाऐंशी सामने आणि दोन गोल. आणि एक स्वतःच्याच संघावर. तो तुम्ही पाहिलाय. भटूकाकांनी फोनवर शोधून काढला आणि सोसायटीच्या पायऱ्यांवर बसून गावाला दाखवला, तेही मला कळलं. चेअरमनपद गेल्यापासून काकांना वेळ बराच असतो.

आता त्याचं ऐका. जपानमधल्या समुद्रकाठच्या एका थंड गावात तो वाढला. वडील मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. शाळेच्या संघात तो पुढे खेळायचा आणि गोलही करायचा. सोळाव्या वर्षी मागचा एक मुलगा आजारी पडला, म्हणून सरांनी याला एका सामन्यापुरतं मागे उभं केलं. तो तिथेच राहिला. मी त्याला विचारलं होतं, वाईट नाही वाटलं? तर म्हणाला, मागून सगळं मैदान दिसतं.

अठराव्या वर्षी तो दुसऱ्या दर्जाच्या एका संघात लागला आणि तिथे बारा वर्षं राहिला. त्यातलं एकच वर्ष तो संघ पहिल्या दर्जात चढला. पूर्ण वर्षभर हरले, तळाला गेले आणि परत खाली आले. पण त्या वर्षी प्रत्येक सामन्यातलं प्रत्येक मिनिट मैदानावर असलेला त्यांचा एकच माणूस होता. बाकीचे दुखले, रुसले, बसवले गेले. हा रोज येऊन उभा राहिला. देशाच्या संघाच्या शिबिराला एकदा बोलावणं आलं. चार दिवसांनी परत पाठवलं, एक ट्रॅकसूट देऊन. तो त्याने वडिलांना दिला, आणि ते तो घालून अजून इंजिनं खोलतात. मग तीन वर्षं थायलंड, मग दोन वर्षं गोवा, जिथे मी त्या संघाची फिजिओथेरपिस्ट होते.

त्याच्याकडे वह्या आहेत, अकरा. सामना झाला की समोरच्या खेळाडूबद्दल लिहायचं. हा दमला की डावीकडे वळतो. हा शिवी दिली की चुकतो. हा खोटा पडतो, पडण्याआधी पंचांकडे बघतो. एवढा अभ्यास करून काय करायचं, तर काहीच घडू द्यायचं नाही. त्याचा सामना चांगला झाला, तर त्याच्याबद्दल कुणाला काही आठवत नाही. हे कंसात कसं मावेल, मला खरंच सांगता येत नाही. चार वेळा लिहून खोडलं.

तुम्ही भूपेंद्रजवळ आणखी एक बोललात. "हाऊ त फुटबॉलना सालदार." बोललात ते खरंच आहे, आप्पा. वर्षाच्या करारावर राहायचं, वर्ष संपलं की मालक ठेवेल नाही तर सोडेल. आखाजीला सालं बदलायची वेळ आली की आपल्याकडे सालदार मालकाच्या तोंडाकडे बघतो, तसा तोही बघायचा, सतरा वेळा बघितलं. तुम्ही शिवी म्हणून बोललात. मी ती शिवी धरत नाही.

आणि तो व्हिडिओ एकवीस सेकंदांचा आहे. परत बघा. चेंडू आत येताना आपले पाच जण उभे राहून बघताहेत. पळतो एकटाच. जो पळाला त्याच्याच पायाला चेंडू लागला आणि आत गेला. जे उभे राहिले, त्यांच्या नावावर काही नाही. त्या सामन्याबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही.

तुमची,
रंजिता

धडगाव, १९ मार्च

आप्पा,

आज नमस्कार-बिमस्कार काही नाही.

रविवारी तो मला म्हणाला, शहाद्याला गोलाची जाळी आणायला जातो. संध्याकाळी जीपमधून उतरला तो लंगडत. जाळी नव्हती. पाय टाचेपासून बोटांपर्यंत लाल, नखांच्या कडांना मिरचीचं बी. मी तेल लावत बसले आणि तो हसत होता. म्हणाला, मी तुझ्या वडिलांना भेटून आलो, आणि माझ्याकडून मोठी चूक झाली.

बाकीचं मला भूपेंद्रने सांगितलं.

तुम्ही मिरचीच्या पथारीवर होतात. होळीनंतरची शेवटची मिरची वाळत होती, आपला सालदार आमशा आणि बाया ती पालथत होत्या, कडेला भटूकाका आणि आणखी दोघं खाटेवर. हा रिक्षातून उतरला. पथारीच्या कडेला त्याने बूट काढले, मोजेही काढले, कारण खाण्याच्या वस्तूवर बूट घालून जायचं नसतं. आणि वळसा घालायचा सोडून सरळ मिरच्या तुडवत तुमच्यापर्यंत आला आणि पाया पडला. कडेने वाट होती हे त्याला कुणी सांगितलं नाही. मग त्याने पाठ करून आणलेलं म्हणायला सुरुवात केली, आणि तुम्हाला एक शब्द कळला नाही. कारण ती पावरी होती, इथल्या डोंगरातल्या पावरा लोकांची बोली.

ही चूक माझी आहे, त्याची नाही, हे आधी लिहून ठेवते. मी त्याला एकदा म्हणाले होते, आमच्या घरी शाळेतली मराठी बोलत नाहीत, आमची घरची भाषा वेगळी आहे. इथल्या मुलींनीही त्याला अगदी हेच सांगितलं. त्याने दोन्ही जोडलं. सहा महिने रोज सराव संपल्यावर गायत्री नावाच्या मुलीकडून तो ती शिकत होता, मला न सांगता. मी त्याच्याशी चार शब्द अहिराणी बोलले असते तर त्याला फरक कळला असता. मी बोलले नाही. तुम्ही फोन ठेवायला लागल्यापासून ती भाषा बोलायला मला कुणी उरलेलं नाही. आईशी आणि भूपेंद्रशी बोलते, तेही दोन मिनिटं, तुम्ही वावरात असताना.

तर तुमचा जावई चार लोकांपुढे तुमच्याशी सालदाराच्या भाषेत बोलला. भटूकाका खाटेवरून म्हणाले, "भिलाभाऊ, तुन्हा जवाई त आमशाना गाववाला निंघना." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, असं भूपेंद्र म्हणतो.

तुम्ही म्हणालात, "आमशा, काय म्हनी ऱ्हायना हाऊ?"

आमशा आपल्याकडे वीस वर्षं आहे. त्या वीस वर्षांत पहिल्यांदा तुम्हाला आमशाची गरज पडली ती बोलण्यासाठी. तो म्हणाला, "मालक, तो म्हनस, तुमले न इचारता तुमनी पोर लई गऊ, ती मन्ही चूक शे. माफी मांगाले उनू."

"इचार त्याले, सतरा वरीस काय करं त्यानी."

आमशाने विचारलं. केंजीने सांगितलं, बराच वेळ, हातवारे करून. मी विचारलं त्याला, काय सांगितलंस? तर म्हणे, त्या भाषेत डिफेंडर कसं म्हणतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी म्हणालो, दुसऱ्याच्या पिकापाशी उभा राहायचो आणि कुणाला आत येऊ द्यायचो नाही. आमशाने ते सगळं ऐकून घेतलं आणि तुम्हाला म्हणाला, "राखन करे म्हनस, मालक."

मला दोन पत्रं लिहून जमलं नाही ते आमशाने एका शब्दात केलं. आणि तुम्ही उठून घरात गेलात.

आईने ओट्यावर ताट वाढलं, वरण-बट्टी. केंजीने आमशाचा हात धरून त्याला शेजारी बसवलं, कारण आईशी बोलायला त्याला आमशा हवा होता, दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं. आमशा उठायला बघत होता आणि हा सोडत नव्हता. शेवटी आईने दुसरं ताट आणलं. आमशाचं ताट गोठ्याजवळ असतं, वेगळं, कडा उडालेलं. मी शाळेत असताना कितीदा नेऊन ठेवलंय तिथे. कधी कुणाला विचारलं नाही की गोठ्याजवळ का. केंजीनेही काही विचारलं नाही, त्याला ते माहीतच नव्हतं. तो जेवला आणि आईच्या पाया पडून निघून आला.

आता तुम्ही म्हणता, त्याने गावात तुमची मान खाली घातली. कशाने घातली, ते एकदा नीट सांगा. भाषा चुकली म्हणून? तुम्हाला इंग्रजी बोलताना पाहिलंय मी, बँकेत. की तो माफी मागायला आला म्हणून? की आमशा शेजारी बसला म्हणून? तेच असेल तर तसं लिहा, म्हणजे निदान खरं बोलल्यासारखं होईल.

मी त्याला यातलं काही सांगितलं नाही. त्याला वाटतं, भाषा दुरुस्त केली की झालं. कालपासून तो माझ्याकडे अहिराणी शिकतो आहे.

रंजिता

धडगाव, २७ मार्च

आप्पा,

भूपेंद्रचा निरोप मिळाला. तुम्ही म्हणता, नाव घालायला हरकत नाही, पण नुसतं नाव सगळ्या कंसांमध्ये उघडं दिसेल आणि लोक विचारतील. 'राखणदार' लिहिता येत नाही, 'सेवानिवृत्त' लिहिलं तर कुठल्या खात्यातून विचारतील, 'फुटबॉल' लिहिलं तर भटूकाका व्हिडिओ काढतील. म्हणजे नाव नको, असाच त्याचा अर्थ. गोड बोलून नाही म्हणायची तुमची पद्धत मला पाठ आहे. मला पुण्याला शिकायला पाठवायच्या वेळीही तुम्ही बस गैरसोयीची आहे म्हणाला होतात.

तेव्हा मी लिहिणार नव्हते ते लिहिते.

त्या सामन्याच्या आदल्या आठवड्यात त्याचा गुडघा सुजला होता. मी रोज बघत होते. त्याला विश्रांती द्यायला हवी होती, मला ते माहीत होतं. पण संघात मागे दुसरं कुणी नव्हतं, मॅनेजर दिवसातून तीनदा विचारत होते, डॉक्टर रजेवर होते, आणि मी नवीन होते. त्या सगळ्या पुरुषांमध्ये मला 'नाही' म्हणणारी बाई व्हायचं नव्हतं. मी गुडघ्याला पट्टी बांधली आणि खेळायला योग्य असल्याच्या कागदावर सही केली. माझी सही, आप्पा. रंजिता भिला पाटील.

सत्तराव्या मिनिटाला तो चेंडूमागे पळाला, वळताना गुडघा मुडपला आणि चेंडू भलतीकडे गेला. भटूकाका दाखवतात तो हा. नीट पाहिलं तर त्यानंतर तो उठताना दिसत नाही. व्हिडिओ तिथेच कापला आहे.

नंतर चौकशी झाली. त्याला विचारलं, गुडघा दुखत होता का? तो म्हणाला, नाही, माझा अंदाज चुकला. मी त्याच खोलीत होते. माझी नोकरी त्या एका उत्तरावर होती, आणि त्याला दुसरं उत्तर देता आलं असतं. संघाने करार पुढे वाढवला नाही. वर्तमानपत्रात आलं, म्हातारा झाला. मी तेव्हा काही बोलले नाही. खूप दिवस बोलले नाही. एका दुपारी जाऊन त्याला विचारलं, का? तो म्हणाला, तू चुकलीस ते मला खेळवायचं म्हणून चुकलीस, आणि मला खेळायचंच होतं.

त्या उपकाराखातर मी लग्न केलं असं समजू नका. उपकार मी फेडले असते आणि मोकळी झाले असते. मला तो आवडला म्हणून केलं. पण तुम्ही त्याला जे हसता, ते माझं आहे. हसायचं असेल तर मला हसा. भटूकाकांना हे पत्र वाचून दाखवलंत तरी चालेल, माझी काही हरकत नाही, मी आता कुणाला भीत नाही.

पत्रिका पुढच्या आठवड्यात प्रेसमध्ये जाते असं ऐकलं. मी परत विनंती करणार नाही. त्याचं नाव असेल तर येऊ. नसेल तर ममताला माझा आशीर्वाद पोस्टाने येईल आणि शिंप्याकडची सफारी तो इथे पंधरा ऑगस्टला घालेल.

रंजिता

कोरीट, ८ एप्रिल

चि. रंजितास,

आशीर्वाद. मी सातवीपर्यंत शिकलो, तेवढ्या मराठीत लिहितो. जिथे अडेल तिथे आपलं लिहीन, समजून घे.

तुझी चारही पत्रं मिळाली. तिसऱ्या आणि चौथ्या पत्रात नमस्कार नव्हता, तेही मिळालं. चौथं पत्र मी तुझ्या आईला वाचून दाखवलं नाही आणि भटूलाही नाही. ते माझ्याजवळ आहे. तू सहीचं लिहिलंस. मीही काही सह्या केल्या आहेत आयुष्यात, त्या कुणाला लिहून कळवायची माझी हिंमत झाली नाही.

मी पथारीवरून उठून आत गेलो, तू लिहितेस रागाने. राग होता, पण तो भटूच्या हसण्याचा होता. एक माणूस परक्या देशातून येऊन पाय भाजत माफी मागतो आणि मला त्याला बस म्हणायला जमलं नाही, म्हणून आत गेलो. आत जाऊन पाणी प्यालो. बाहेर यावं असं वाटेपर्यंत ते जेवून गेले होते. आमशा त्या दिवसापासून ओट्यावर जेवतो. मी बोलावलेलं नाही. तुझी आई ताट तिथे ठेवते आणि मी काही बोलत नाही.

गेल्या मंगळवारी नंदुरबारला प्रेसमध्ये गेलो. केंजीरावांचं नाव लावायला सांगितलं, तुझ्या म्हणण्याप्रमाणे पहिलं. प्रेसवाल्याने लावून दाखवलं. नाव लांब आहे, पण बसलं. मात्र सगळ्यांमध्ये उघडं दिसत होतं, हे मी आधीच बोललो होतो, ते खोटं नव्हतं. मग त्याला म्हटलं, "सर्वासना कंस काढी टाक."

तो म्हणाला, "आप्पा, चेअरमनना बी?"

म्हटलं, "चेअरमनना आगोदर."

भटूला कळलं तसा तो आला. म्हणाला, मी मांडवात पाय ठेवणार नाही. म्हटलं, "नको ठेवू." तीन दिवस झाले, बोलत नाही. येईल. नाही आला तर वरण-बट्टी उरेल. सारंगखेड्याच्या पाहुण्यांनाही वाईट वाटलं, त्यांचे घोडे गेले. भाईदासने मनाला लावून घेतलं नाही, तो भला माणूस आहे. माझा स्वतःचाही कंस गेला. तीस वर्षं तो लावत होतो, मला वाटलं होतं जास्त जड जाईल.

आणखी एक सांगायचं आहे, त्यासाठीच पत्र लिहितो. नाही तर भूपेंद्रकडून कळवलं असतं.

कंस काढल्यावर प्रेसवाला हसला. म्हणे, "आप्पा, आते माणसेसन्या ओळी बायासन्या ओळीगत दिसी ऱ्हायन्यात." मी चष्मा लावून पाहिलं. खरंच तसं होतं. बायकांच्या ओळीत काढायला काही नव्हतंच. भूपेंद्रच्या लग्नाची जुनी पत्रिका घरी आल्यावर शोधून काढली. तेव्हा तू शिकून नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. भूपेंद्रचं शिक्षण बारावीलाच अडलं होतं, त्याच्यापुढे आम्ही 'युवा उद्योजक' लिहिलं. तुझ्यापुढे काही नाही. गावात कुणी विचारलं तर मी म्हणायचो, आहे कुठेतरी नोकरीला. तू नेमकं काय काम करतेस ते मला तुझ्या पत्रातून कळलं, खांदेवाल्या म्हाताऱ्याचं वाचून.

तू चार पत्रं भांडलीस ती नवऱ्याच्या कंसासाठी. स्वतःच्या नावापुढे काही का नाही, हे एका ओळीत विचारलं नाहीस. माझ्यावर एवढी चिडलेली असून तुला ते सुचलं नाही. सुचू नये अशीच मी तुला वाढवली. हे मला त्या प्रेसमध्ये उभा असताना कळलं आणि फार वाईट वाटलं. तिथे बाकावर बसलो थोडा वेळ.

पत्रिका छापून झाल्या आहेत. हळदीच्या दोन दिवस आधी तुम्ही दोघं इथे पाहिजेत. न्यायला भूपेंद्रला पाठवणार होतो, आता मीच येतो. धडगावच्या घाटात मला मळमळतं. जीपमध्ये पुढची जागा धरायला आमशाला बरोबर आणीन.

आप्पा